टिल्लीच्या पायाशी

बॅटरी टिल्लीच्या पायाशी ठेवायची, असं थोरल्या दिरांचं म्हणणं होतं.

"पाय केवढेसे ते तिचे! मावेल की," ते फाटकात उभे राहून म्हणाले.

बॅटरी त्यांच्या मोटारीची. मोटार शेडमध्ये, खोळीत. दर रविवारी तिला अंघोळ असायची, पण ओरखडा पडेल म्हणून ती बाहेर कधी निघायची नाही. आता काढायची म्हटल्यावर तिने नुसती घरघर लावली. आणि संध्याकाळी साहेबांना स्टेशनवरून आणायचं होतं. 'मी स्वतः गाडी घेऊन येतो,' असं भाऊजी ऑफिसभर सांगून बसले होते.

धाकटी सून सायकलला मागची गाडी अडकवत होती. दोन चाकं, वर ताडपत्रीचं छप्पर, मागचा पडदा गुंडाळून वर बांधलेला. आत मागे तोंड करून, पट्ट्यांनी बांधलेली दहा महिन्यांची टिल्ली. शेजारी सासूबाईंच्या शिवायला न्यायच्या चपला आणि दुधाची किटली. या गाडीला भाऊजी भंगारवाल्याची गाडी म्हणत. पाहुण्यांसमोर तर हटकून म्हणत. "आमच्या घराण्यातली सून, आणि गाडी ओढते!" घराणं म्हणजे काय, तर दोन खोल्या इकडे, दोन खोल्या तिकडे आणि मधे एक नळ.

"रिक्षा बघा ना, भाऊजी."

"चार्जिंगला चौकापर्यंतच जायचं, तेवढ्यासाठी कोण रिक्षावाला येतोय? दोघांना विचारून झालं. तू जातेच आहेस तिकडे."

"आत ॲसिड असतं."

"थेंब सांडत नाही गं. उगाच काहीतरी."

तिने त्यांच्या पँटकडे बघितलं. काल बॅटरी काढताना घातलेलीच पँट होती, आणि मांडीवर चांगली चार भोकं पडली होती. भाऊजींनी सदरा खाली ओढला.

सासूबाई दारातून बोलल्या. थोरल्याचं काही असलं की त्यांना माजघरातूनही ऐकू यायचं. टिल्ली उशाशी रडली तरी मात्र नाही.

"अगं, मग पोरीला राहू दे माझ्याजवळ. बॅटरी ने."

"लस आहे तिची, आई. मागच्या खेपेला ताप होता म्हणून राहिली. नर्सबाई महिन्यातून एकदाच येतात, तेही दुपारपर्यंत."

"लस काय पळून जाते? साहेब आज येताहेत."

"पुन्हा महिनाभर थांबायचं?"

"मग कडेवर घे की. एका हाताने सायकल चालवतात बायका."

कुठल्या बायका, ते त्यांनी सांगितलं नाही. सर्कशीतल्या असाव्यात.

भाऊजी बोलण्यात वेळ घालवणारे नव्हते. त्यांनी कोपराने टिल्लीचे पाय बाजूला सारले आणि बॅटरी आत सरकवली. टिल्लीला वाटलं खेळ चाललाय. ती खुदकन हसली आणि बॅटरीच्या बुचाभोवतीच्या पांढऱ्या पुटाकडे तिने हात नेला.

सुनेने तो हात वरच्यावर धरला. मग दोन्ही हातांनी बॅटरी उचलली आणि भाऊजींच्या चपलांपुढे ठेवली.

"इथे टिल्ली बसते," ती म्हणाली.

"म्हणजे ही मी उचलून नेऊ? भर रस्त्यातून? लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतात तेच."

भाऊजींनी आईकडे बघितलं. डोक्याला कलप लावणारा माणूस, पण बघितलं अगदी पडलेल्या पोरासारखं. आई म्हणाली, दूध उतू जातंय वाटतं, आणि आत गेली. दूध अजून यायचं होतं. किटली तर गाडीत होती.

सून निघाली. वाटेत चांभाराकडे चपला टाकायला थांबली तेवढाच काय तो खोळंबा. पुढे चौकाआधीचा चढ लागला. तिथे ती रोज उतरते आणि सायकल ढकलत नेते. रोज पानवाला त्याच्या गिऱ्हाइकाला कोपर मारून दाखवतो, "बघ, निघाली मालगाडी." आज त्याने कोपर मारलं, पण बोट जरा मागे दाखवलं.

मागून भाऊजी येत होते. बॅटरी पोटाशी धरलेली, मान आकाशाकडे, कानशिलावरून कलपाचा काळा ओघळ. दर दहा पावलांवर थांबत आणि जणू हवा खायलाच निघालोय असा चेहरा करत. भंगारवाल्याने मोठ्या आशेने विचारलं, "द्यायचीय का?" भाऊजींनी मान आणखी वर केली. साहेबांच्या मर्जीतला माणूस भंगारवाल्याशी कसा बोलणार! चढ मात्र त्यांनाही तेवढाच होता.

टिल्लीने त्यांना बघितलं आणि ती उसळलीच. एवढा ओळखीचा माणूस, एवढा लाल, आणि सारखा आपल्याकडेच येतोय! तिने हातातला खुळखुळा भिरकावून दिला. हा तिचा रोजचा खेळ. ती टाकते, मागून जो येत असेल तो उचलून देतो आणि ती पुन्हा टाकते.

खुळखुळा वाजत वाजत उतारावरून गेला आणि भाऊजींच्या पायाशी थांबला.

भाऊजीही थांबले. बॅटरी खाली ठेवली तर पुन्हा उचलवणार नव्हती, हे त्यांच्या गुडघ्यांना कळून चुकलं होतं. पानवाला टपरीतून अर्धा बाहेर आला होता. टिल्लीने दोन्ही हात पुढे केले.

सुनेने वळून बघितलं नाही. सायकल ढकलता ढकलताच म्हणाली, "भाऊजी, तेवढा खुळखुळा उचला हं."