शेवटची एसटी

टपरीवरच्या चहाबरोबर नव्या सिनेमांची यथेच्छ धुलाई झाली आणि गाडी जुन्यांवर आली.

"जुन्यात जीव होता," अप्पा म्हणाले. "ती क्षयाची नायिका बघा. शेवटी खडखडीत बरी होऊन लग्नाला उभी राहते. उखाणासुद्धा घेते!"

इस्माईलभाईंना चहाचा ठसका लागला. "उखाणा? अहो अप्पा, ती दवाखान्यातच मरते! कुठला सिनेमा बघितलात?"

सगळे खो खो हसले. गावची शेवटची एसटी गाठायची म्हणून अप्पा आणि त्यांची बायको इंदू प्रत्येक सिनेमा संपायच्या आधीच उठून पळायचे. मग शिवणाच्या क्लासातल्या बायकांकडून शेवट ऐकून इंदू घरी त्यांना रंगवून सांगायची. रडका शेवट तिनं कधीच सांगितला नव्हता. परवाच तिचं वर्षश्राद्ध झालं.

इस्माईलभाईंनी मोबाइल पुढे केला. "हा घ्या शेवट. खात्री करा."

अप्पांनी मोबाइल हळूच पालथा ठेवला. "राहू द्या, भाई. आणि बाकीच्या सिनेमांत कोण मेलं असेल, तर तेही सांगू नका. आमच्या घरी ती सगळी अजून सुखानं नांदतायत."