ओढून पाहिलेली गाठ

बायको मंदा हंडा घेऊन नळावर गेली तशी राघोने दातांनी पट्टी सोडली. हाताला मागून आधार देणारी प्लास्टरची फळी चटईवर ठेवली आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट उन्हात धरून न्याहाळलं. कापडाच्या मागावर पत्रा लागून त्यातली बोट वाकवणारी नस तुटली होती. डॉक्टरांनी ती शिवून जोडली, त्याला आज पंचवीस दिवस झाले होते.

सहा आठवडे या हाताने काही धरायचं नाही, काही ओढायचं नाही. बोट आपणहून वाकवायचं नाही, दुसऱ्याने हळूच वाकवायचं. मंदा ते काम देवपूजा असल्यासारखं करायची, दिवसातून तीनदा. राघो नुसता बघत बसायचा आणि आतल्या आत तडफडायचा. समोरच्या शेडमधले माग दिवसभर खडखडत. एखादा बंद पडला की हा अर्धा उठे. धागा तुटला, जोडा की लवकर! मग स्वतःचा हात दिसे आणि चडफडत खाली बसे.

बमरोलीच्या माग-कारखान्यांत वीस वर्षं त्याने धागेच जोडले होते. अंगठा आणि हे बोट, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ तयार. पण गाठ मारली आणि माग चालू केला, असं त्याने कधी केलं नाही. आधी एक झटका द्यायचा. टिकली तर माग सुरू. नव्या कारागिरांना तो यावरूनच शिव्या घालायचा. आणि त्याच्याच बोटातली गाठ कुणी ओढून पाहिली होती? डॉक्टरांनी शिवलं, झाकलं, घरी पाठवलं. कच्ची राहिली असली तर? शेठने दोन महिन्यांपुरते त्याचे माग राखून ठेवले होते. हे बोट वळलं नाही तर गाठ मारता येणार नाही, आणि गाठ मारता येत नाही त्याला मागावर कोण उभं करतो?

हा विचार किती दिवस त्याचं डोकं कुरतडत होता. आता राहवेना. त्याने खिडकीच्या गजात बोट अडकवलं. जास्त नाही, एकच झटका.

आत टक्कन काहीतरी झालं. बोट सरळ झालं ते सरळच राहिलं.

मंदा दारात आली. हंडा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. "हाई काय करं तुम्ही?"

"गाठच कच्ची व्हती," राघो म्हणाला. "आज समजनं ते बरं व्हयनं."

रिक्षात ती रडत होती आणि हा डॉक्टरांवर तणतणत होता. बोट गेल्याचं दुःख होतंच, पण आपलं खरं निघालं याचं त्याला जरा बरंही वाटत होतं.

डॉक्टरांनी बोट तपासलं. "फिर से खोलना पड़ेगा, राघोभाई. और दूसरी बार में उंगली पहले जैसी मुड़ेगी, इसकी गॅरंटी नहीं."

"खोलो," राघो ठणकावून म्हणाला. "लेकिन मुझे वो गांठ दिखाना."

दुसऱ्या दिवशी फक्त हात बधिर केला. डॉक्टरांनी बोट उघडलं, मधला हिरवा पडदा बाजूला सारला आणि म्हणाले, "देख लो."

राघोने मान उचलली. त्याच्या नजरेला एकदा बघणं पुरलं. निळ्या दोऱ्याची गाठ जशीच्या तशी, घट्ट बसलेली होती. तिच्या शेजारची, नुकती जुळू लागलेली कोवळी नस झटक्याने फाटून निघाली होती.