दोष बंदुकीचाच

उडत्या मातीच्या बशा बंदुकीने फोडायचा आमच्या ह्यांना भारी नाद. पण आजवर फुटल्या त्या घरातल्याच, भांडी घासताना. काल मैदानावर बार काढताच बंदुकीच्या फटीतून ह्यांच्या गालावर झळ आली, तशी मी त्यांना बंदूकवाल्याकडे फरफटत नेलं. त्याने दुनळी उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि जोडावर कागदाचं चिटोरं ठेवून ती मिटली. ओढताच चिटोरं अलगद निघून आलं. "काका, नळ्या घट्ट बसतच नाहीत, कागदसुद्धा धरत नाहीत. पुढचा बार तोंडावर फुटेल." हे मात्र टुणकन उठले. "ऐकलंस? जन्मभर मला हसत आलीस! दोष बंदुकीचा होता, माझ्या नेमाचा नाही!" आनंदाच्या भरात त्यांनी चिटोरं चुरगाळून पायाशेजारच्या टोपलीकडे भिरकावलं. ते बंदूकवाल्याच्या चहात पडलं. "काकू," तो म्हणाला, "टोपलीपण तपासून देऊ?"