चिखलाचं गाव

पूर ओसरला अन् तालुक्याहून एकाच कामापुरता बुलडोझर आला. माझ्या केळीबागेचा खचलेला रस्ता, का नाल्याचा फुटलेला बांध? घड पिकायला लागलेले, म्हणून मी रस्त्यासाठी घसा फोडत होतो. बुलडोझरासंगं आलेला साहेब भांडणात पडला नाही. त्यानं पारापुढं चिखलाचं गाव केलं, नाला कोरला, त्याला फुटका बांध घातला, घरांच्या जागी खडे मांडले. "पुन्हा पूर आला, तर पाणी कुठं जाईल? ओता, नाना." मी तोऱ्यात लोटा ओतला. सगळे उकिडवे बसून पाहू लागले. पाणी नाल्यातून निघालं, बांधाच्या भगदाडापाशी थबकलं अन् आत वळलं. शेजारचा पितांबर वरडला, "नाना, तुमच्याच आळीत शिरलं!" आमच्या घराचा खडा कलंडला. बायको मागून बोलली, "केळी इकाल, मंग राहाल कुठं?" मी भगदाडात चिखल दाबला अन् तिले म्हणलो, "भर लोटा. पाहू, आता कुठं जातं."