पट्टीने फोडलेलं गुपित

नीलाक्षीच्या दंडावर कालच चिकटवलेली पट्टी रक्त तपासून निकाल मोठ्याने सांगणारी होती. आज सकाळी पट्टी म्हणाली, "कॅन्सर परत येऊ नये म्हणून घेता ती हार्मोनची गोळी नीट काम करत नाहीये. उदासीवरची गोळी तिला अडवते आहे."

पोहे भिजवत असलेले तिचे पती मधुसूदनराव वळले. "उदासीवरची? कधीपासून घेतेस?"

"चार महिने झाले," ती खाली बघत म्हणाली. "गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही इतकं केलंत. आता बरी झाल्यावर कुठल्या तोंडाने रडू?"

त्यांनी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"स्वतःच्या मनाने काही बंद करू नका," डॉक्टर म्हणाल्या. "उदासीवरचीच, पण हार्मोनच्या गोळीला न अडवणारी दुसरी गोळी देते."

गोळी बदलली. काही आठवड्यांनी पट्टी म्हणाली, "सगळं ठीक आहे."

तरीही मधुसूदनरावांनी विचारलं, "मन कसं आहे आज?"

'छान' असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण म्हणाली, "आज बरं नाही वाटत हो."

गॅस बंद करून ते तिच्या शेजारी येऊन बसले.