किल्लीवालीची सुटका

“कुलूप मीच लावायचे,” मुलगी म्हणाली. “लिहून घ्या, आणि द्या काय ती शिक्षा.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. सुधारगृहातली भेटीची खोली एवढीशी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि दाराशी पहारेकरीण. तिला हसू आवरेना.

“बाई, इथं येणारी प्रत्येक पोरगी ‘मी काही केलं नाही’ म्हणून गळा काढते. आत राहायला भांडणारी ही पहिलीच.”

मासळी साफ करायच्या शेडवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा आत कोंडलेल्या बायका आणि मुली सापडल्या. बर्फाच्या पाण्यानं त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. मालक पसार झाला होता. दाराची किल्ली होती या सतरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात. पोलिसांना कोणीतरी हवंच होतं. त्यांनी हिला धरलं आणि सगळे तिला किल्लीवाली म्हणू लागले.

“किल्ली मालकानं तुझ्या गळ्यात घातली, हो ना?” वकीलबाईंनी विचारलं.

“हो.”

“मग दार उघडून पळाली का नाहीस?”

“कुठं जाणार?”

वकीलबाईंनी मान हलवली. मालकाची दहशतच तशी असणार. “तुला तिथं विकलं कोणी?”

मुलगी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “सांगितलं तर त्या माणसाला काय होईल?”

“दहा वर्षं तरी आत जाईल.”

“आणि मला?”

“तुला काही नाही. जिला विकलं तिलाच गुन्हेगार ठरवायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी नाही होऊ देणार.”

“मग मी कोणाला ओळखत नाही,” मुलगी म्हणाली. “माझी मी गेले होते.”

भेटीच्या वारी आई न चुकता यायची. तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन. लेकीला पुढ्यात बसवायची आणि केस विंचरता विंचरता रडायची. मुलगी भिंतीकडे बघत राहायची. आईशी शब्दही बोलायची नाही.

“लाजते हो ती,” आई एकदा वकीलबाईंना म्हणाली. “कोण मेला नोकरीचं आमिष दाखवून घेऊन गेला, देव जाणे. तुमच्या पाया पडते, बाई. पोटचा गोळा आहे, सोडवा तिला.”

वकीलबाईंनी तिला उठवून उभं केलं. हल्ली अशा मुलींना घरचेच दारात उभं करत नाहीत, हे त्यांनी फार पाहिलं होतं. ही माऊली तर हात पसरून उभी होती. त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्यालाही हे सांगितलं.

सुनावणीच्या दिवशी शेडमधल्या दोघी साक्षीला आल्या. मालक हिलाही पट्ट्यानं मारायचा, किल्ली नको म्हणाली तेव्हा हिला बर्फाच्या खोलीत ठेवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सरकारी वकिलालाही फार काही विचारावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात मुलगी उठली.

“त्या माझी दया येऊन बोलतात, साहेब! मीपण मारायचे त्यांना. मला आतच ठेवा. वाटलं तर मोठ्या तुरुंगात टाका, पण सोडू नका!”

वकीलबाई सावकाश उभ्या राहिल्या.

“साहेब, याहून मोठा पुरावा मी काय देऊ? या लेकराला इतकं मोडलंय, की ते स्वतःलाच दोषी समजतंय. हिला शिक्षेची नाही, घराची गरज आहे.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ही मुलगी आरोपी नसून पीडित आहे, असं त्यांनी सांगितलं. तिला निर्दोष सोडून आईच्या हवाली करण्याचा हुकूम दिला. मुलगी ओक्साबोक्शी रडू लागली. पहारेकरणीनं पदर डोळ्यांना लावला.

“रडू दे,” वकीलबाई म्हणाल्या. “किती दिवसांचं साठलं असेल.”

बाहेर आईनं टॅक्सी थांबवून ठेवली होती. मुलीनं वकीलबाईंचा हात धरला, तो सोडेचना. वकीलबाईंनी तिची बोटं एकेक करून प्रेमानं सोडवली.

“वेडी! आता कशाला भ्यायचं? आई आहे ना.”

टॅक्सी निघाली. आईनं तिचे डोळे पुसले, विस्कटलेली वेणी उलगडली आणि नव्यानं घालायला घेतली.

“तोंड असं पाडून बसू नकोस तिथं,” ती मायेनं म्हणाली. “या वेळचे लोक चांगले आहेत, मारत नाहीत. मी आधीच विचारून घेतलंय.”