लाल ठिपका

क्वेबेकमधल्या आमच्या कागदाच्या गिरणीचं मोठं यंत्र एका जुनाट कॉम्प्युटरवर चालायचं. त्याचा मदरबोर्ड जळाला. नव्या बोर्डवर तो जुना प्रोसेसर बसत नाही आणि तसले बोर्ड आता कुणी बनवतही नाही.

"गोदामात एकही शिल्लक नाही," मॅनेजर म्हणाला. "सावकाश शोध, रेजां. घाई नाही."

घाई नाही? सगळी पाळी हाताची घडी घालून बसली होती! मी चडफडत भंगारवाल्या गास्तोंकडे गेलो.

त्यानं अख्खं खोकंच पुढ्यात सरकवलं. "नशीब काढलंस गड्या! कालच आलंय."

वरचाच बोर्ड हवा तसा होता. उलटून पाहिला, तर कोपऱ्यात लाल ठिपका. खालच्यावरही तोच. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक बोर्डवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो.

"अरे, हे तर आमच्या गोदामातले!"

"मग? तुमच्या मॅनेजरनंच पाठवलेत." माझ्याकडे बघून गास्तोंनं आवाज खाली आणला. "तुला सांगितलं नाही होय? सोमवारी यंत्रही येतंय. कापायला माणूस हवाय, येतोस का? तुला त्याचा नट न् नट ठाऊक आहे."